पिठातलं पाखरू

एसटीने घाट चढायचा तर खिडकीशी बसायचं नाही, असं मी दर वेळी ठरवते आणि दर वेळी खिडकीशीच बसते. चिपळूणहून कुंभार्ली घाटाकडे निघालं की पायथ्याशी एक ओढा लागतो. त्याच्या पुलाच्या तोंडाशी गाडी अशी आदळली की मांडीवरची पिशवी पायाशी गेली, आणि ती उचलेपर्यंत ओढा मागे पडला. त्या ओढ्यावरून मी आजवर किती वेळा गेले असेन, पण मान वळवून त्याच्याकडे पाहिल्याचं आठवत नाही. लक्ष घाटाकडे असतं. आमचा हिरवा मुलूख नेमका कुठे संपतो आणि कोरडा कुठे सुरू होतो, हे मला या खेपेला नीट पाहायचं होतं, कारण माझं काम त्या सीमेशीच होतं.

काम सांगते. शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झाल्यापासून मी पतंग बघते. फुलपाखरांचे हे रात्रीचे भाऊबंद. दिव्यावर येतात, भिंतीला चिकटून बसतात आणि सकाळी केरसुणीने बाहेर जातात. आमच्यासारख्या हौशी मंडळींनी मिळून पठारावरच्या पतंगांची यादी करायला घेतली आहे. फोटो कुणीही पाठवावा, पण नाव यादीत चढण्याआधी खात्री व्हायला हवी. बहुतेक फोटोंची खात्री घरबसल्या होते. ज्यांची होत नाही तिथे कुणीतरी उठून जायचं. या वेळी ते कुणीतरी म्हणजे मी, कारण इंदापूर तालुक्यातल्या कळंब गावाहून संगीता नावाच्या बाईने पाठवलेला पतंग आमच्या कोकणातला दिसत होता. तळहाताएवढा, दुधावरच्या सायीच्या रंगाचा. आमच्या घरी त्याला सायपतंगच म्हणतात. पाऊस सरत आला की परसातल्या फणसाच्या खोडावर तो बसलेला सापडतो. घाटाच्या पलीकडे, ऊस आणि बाभळींच्या मुलखात तो कधी कुणी पाहिलेला नव्हता. फोटोखाली दोघा-तिघा जाणत्यांनी उत्साहाने 'सायपतंगच!' असं लिहूनही टाकलं होतं. खरा निघाला तर आमच्या यादीतली ती सगळ्यात मोठी बातमी ठरणार होती, आणि खोटं कशाला बोलू, तो खरा निघावा असं मलाही फार वाटत होतं.

कराड, सातारा, फलटण अशा गाड्या बदलत मी बारामतीला पोचले. फलटणच्या पुढे डोंगर लांब राहिले आणि आभाळ एवढं मोठं झालं की मला उगाच उघड्यावर बसल्यासारखं वाटायला लागलं. पितृपक्ष नुकताच संपला होता. ऊस डोक्यावर गेला होता आणि त्यातून मधूनच एखादं घर, एखादी पाण्याची टाकी वर डोकावत होती. स्टँडजवळच्या खाणावळीत ज्वारीची भाकरी, मटकीची उसळ आणि खर्डा (हिरव्या मिरचीचा ठेचा) जेवले. भात आहे का, असं विचारल्यावर वाढणाऱ्याने "शेवटाला देतो की" असं सांगितलं आणि शेवटाला एक मूठभर भात आणून दिला. कोकणातल्या माणसाचं या मुलखात पोट भरतं, पण जेवण झालं असं वाटत नाही.

दुसऱ्या दिवशी पणदऱ्याला गेले. कळंबच्या आधी तिथली एक किरकोळ नोंद तपासायची होती. ती पाठवणारे तात्या ऊस बागायतदार. त्यांनी उसाच्या कडेला प्रकाश सापळा लावला आहे, म्हणजे वर दिवा आणि खाली रॉकेल घातलेल्या पाण्याचं घमेलं. दिव्याला भुलून आलेला पतंग घमेल्यात पडतो. तात्यांनी घमेल्यातला एक मेलेला पतंग तळहातावर घेऊन पुढे केला. गवती रंगाचा, बारकासा. उसाला पोखरणाऱ्या किडीचा पतंग होता तो.

"लिहून घेते," मी म्हटलं. "बरोबर आहे तुमची नोंद."

"ह्येला यादीत घेता?" तात्या चकित झाले. "आवो, ह्येला मारायला आमी औषधं फवारतो आन् तुमी ह्येचं नाव लिवून घेता व्हय!"

"जो आहे तो आहे, तात्या. आवडीचेच तेवढे लिहिले तर ती लग्नपत्रिका होईल, यादी नव्हे."

तात्या खळखळून हसले. मग म्हणाले, "आन् एखांदा लई आवडीचा हाय, पर हितं न्हाय, तर?"

"तर नाही लिहायचा. कितीही वाटलं तरी नाही."

हे मी फार ऐटीत सांगितलं. दुसऱ्याला उपदेश करताना आपल्या पदरचं काय जातं?

तात्यांच्या आग्रहावरून दिवेलागणीला मी त्यांच्या खळ्यात माझी पांढरी चादर ताणून बांधली आणि मागे दिवा लावला. अशा पडद्यावर पतंग येऊन बसतात आणि नीट बघता येतात. पतंगांच्या आधी शेजारपाजार आला. बायका बसायला पोती घेऊनच आल्या होत्या. कुणीतरी विचारलं, "पिक्चर कंचा हाय?" पिक्चर नाही, किडे बघायचेत, असं कळल्यावर मंडळी हिरमुसली, पण उठली कुणीच नाही. एवढ्यात तात्यांच्या म्हशीचं रेडकू दावं सोडून आलं आणि चादरीचा एक कोपरा चघळून गेलं. त्या चादरीला अजून तो कोपरा नाही.

कळंबला जायला बारामतीहून वालचंदनगरकडची गाडी धरली. काटेवाडीच्या थांब्यावर एक म्हातारी मेथीच्या जुड्यांचं गाठोडं घेऊन चढली आणि माझ्याशेजारी बसली. माझ्या गळ्यातलं भिंग बघून तिने विचारलं, "डोळं तपासता का वो बाई?" मी पाखरं बघते म्हटल्यावर ती म्हणाली, "मंग बरंय. पाखरांस्नी कुटं चष्मा लागतोय." आणि उतरताना एक जुडी माझ्या मांडीवर ठेवून गेली. त्या मेथीची भाजी मी कळंबला खाल्ली.

थांब्यावर संगीता स्कूटी घेऊन उभी होती. तिशीतली, काटक, बोलायला चटपटीत. तिला पतंगांचा नाद कसा लागला ते तिने गाडी चालवता चालवताच ओरडून सांगितलं. रोज पहाटे ती डेअरीला दूध घालायला जाते. तिथल्या ट्यूबलाइटखालच्या भिंतीवर रात्रभराचे पतंग बसलेले असतात. रांगेत नंबर येईपर्यंत करायचं काय, म्हणून ती मोबाइलवर त्यांचे फोटो काढायला लागली. बायका आधी हसल्या. आता त्याच हाक मारून दाखवतात, 'संगे, तुजा पावना आलाय बघ.'

घर स्लॅबचं, बेताचं. बाजूला गोठा, गोठ्यात संकरित गाई, अंगणात कोंबड्या. तिचा नवरा कारखान्याच्या कामावर गेला होता. ओट्यावर बाजेवर सासरे बसले होते. भिवाआबा. डोक्याला लाल पटका, खांद्यावर काळं घोंगडं, पाय सुजलेले. या घराची मेंढरं होती तोवर दिवाळीनंतर सगळा वाडा (मेंढपाळांचा फिरता तळ) घेऊन ते कोकणात उतरत, तिथल्या शेतांत खतासाठी मेंढरं बसवत आणि पावसाच्या आधी परत येत. आता मेंढरं गेली, ऊस आला. मी पायाखालचा दगड नीट बघत ओटा चढत होते, तोवर आबांनी विचारलं, "कोकणातल्या बाई त्या ह्याच का?"

"व्हय मामा," संगीता म्हणाली. तिकडे सासऱ्यांना मामा आणि सासूला आत्या म्हणतात.

"बाई, तुमच्याकडचंच हाय न्हवं त्ये पाखरू?"

"तेच बघायला आलेय, आबा. अजून सांगता येत नाही."

"बघायचं काय त्यात? म्या बघितलंय की. ह्या डोळ्यांनी."

एवढं बोलून त्यांनी पाणी द्यायला सांगितलं आणि माझ्याकडे बघत राहिले. पतंगाच्या नोंदीसाठी माणूस असा बघत नाही, हे मला तेव्हाच जाणवलं.

स्वयंपाकघरात मेथी निवडताना संगीताने सगळं सांगितलं. तिच्या सासूबाई, ठकूबाई, ऐन पावसाळ्यात गेल्या. माणूस गेलं की जिथे प्राण गेला तिथे रात्री पीठ पसरतात, पिठावर दिवा ठेवतात आणि वर पाटी पालथी घालतात. सकाळी पाटी उचलून पिठात काय उमटलंय ते घरातली जाणती माणसं बघतात. त्यावरून गेलेल्या माणसाने पुढचा जन्म कुठला घेतला ते ठरतं. आमच्याकडेही ही रीत आहे. या घरात ज्वारीचं पीठ पसरलं आणि कोंबड्या झाकायचं डालगं (विरळ विणीची बांबूची टोपली) वर घातलं. सकाळी उचललं तर पिठात ठसा नव्हता. पाखरूच बसलं होतं.

"भावकी म्हणाली, पाखरू झाली. मामांनी मला इचारलं, 'कंचं पाखरू? बघ की तुज्या मोबाइलात.' म्हणून म्या फोटो पाठीवला. मला काय ठावं, एवढं हुईल."

मी मेथी खाली ठेवली. "पण फोटोत पीठ कुठे होतं?"

"कापला की म्या फोटो. दिवा दिसत व्हता त्यात. सुतकातलं असलं जगाला कसं दाखवायचं, मॅडम?"

तिच्याकडून अख्खा फोटो मागून घेतला. वात विझलेली पणती, भोवती ज्वारीचं पीठ, पिठात पंख आपटल्याच्या अर्धवर्तुळाकार खुणा, आणि मधोमध तो पतंग, सायीच्या रंगाचा. मी फोटो मोठा करत गेले. उजव्या पंखावर नखाएवढी एक जागा कोरी राहिली होती. ती गडद तपकिरी होती आणि तिच्यातून एक वाकडी रेघ गेली होती. ती रेघ मी ओळखत होते. घुबड पतंगाच्या दोन्ही पंखांवर घुबडाच्या डोळ्यासारखी खूण असते, तिची ती पापणी. हा पतंग काळपट, मोठा आणि अगदी सामान्य. आमच्याकडे असतो, इकडे असतो, कुणाच्याही घरात अंधाऱ्या कोपऱ्यात येऊन बसतो. तो रात्रभर डालग्याखाली पिठात लोळला असेल, तर सकाळी सायपतंगच दिसणार.

पीठ पसरायची ही रीत नसती तर ही चूक झालीच नसती, असं माझ्या मनात आलं. आणि खरं सांगते, पहिलं वाईट मला माझ्या बातमीचं वाटलं.

"मॅडम," संगीता माझ्या चेहऱ्याकडे बघत होती. "काय बी असू द्या. पर कोकणातलाच हाय म्हणा."

"का गं?"

"मामांस्नी इचारा. पाखराचं तेवढं इचारलं, मंग त्येंनी तोंड उघडलं न्हवतं. ह्ये पाखरू कोकणातलं हाय म्हणून म्या वाचून दावलं, तवा पयल्यांदा बोलले. लगीन होऊन इतकी वर्सं झाली, पर मला ठावंच न्हवतं."

दिवेलागणीला ओट्यावर आबांनी ते मला सांगितलं. विचारावंही लागलं नाही. आवाज सपाट होता, मध्ये मध्ये ते गोठ्याकडे बघत होते.

त्यांची पहिली मुलगी. अंगावर पिणारी. वाडा घाट उतरला तेव्हा तिला ताप होता. पायथ्याच्या ओढ्याला मुक्काम पडला आणि रात्रीतून पोर गेली. ओढ्याच्या वरच्या अंगाला दोन उंबर जोडीने उभे होते, त्यांच्या बुडाशी तिला पुरलं.

"ठकू म्हणली, आजची रात ऱ्हाऊ या. येक दिवा लावू. पर मेंढरं थांबत न्हायती, बाई. खाल्लाकडं शेतवाल्याला सबूद दिल्याला. पाच घरांची मेंढरं येकत्र. येका घरापायी वाडा थांबत न्हाय. उजाडायला हलला वाडा. ठकू मागं बघत बघत चालली."

"आणि नंतर?"

"पुढं दर साली तितनं जायचो. ती भाकरीचा तुकडा ठिवायची. मंग मेंढरं इकली. तितं जाणं सरलं." त्यांनी घोंगडं सारखं केलं. "येवढी वर्सं ती मला कदी काय म्हणली न्हाय बघा. आन् आता गेली तर कोकणातलं पाखरू हून आली. म्हंजी पोरीपाशी गेली. मला सांगाया आलती, गेले म्हणून. बरोबर हाय का न्हाय?"

घाटाच्या पायथ्याचा तो ओढा माझ्या डोळ्यांपुढे आला, आणि मांडीवरून घसरलेली पिशवीही. माझ्या एका 'हो'ने भिवाआबांचं म्हातारपण सुखाचं होणार होतं आणि मला हवी ती बातमीही मिळणार होती. तात्यांना सुनावलेली लग्नपत्रिका आठवली आणि स्वतःचा राग आला. त्या रात्री मला जेवण गोड लागलं नाही.

पहाटे संगीताबरोबर डेअरीला गेले. भिंतीवर पाहुणे होतेच. तिने त्यांना स्वतःची नावं ठेवली आहेत. पिवळ्याला हळदुल्या, पंख चिमटून बसणाऱ्याला भित्रा. मी मोठ्या कौतुकाने ऐकलं. रांगेतल्या बायकांनी "कोकणातल्या बाईंचं पाखरू गावलं का?" असं विचारलं, तेव्हा संगीताने माझ्याऐवजी उत्तर दिलं, "गावंल की."

परत आलो तर उजाडलं होतं. ती गाईंपुढे वैरण टाकत होती आणि मी गोठ्याच्या मागच्या कोपऱ्यात बघत उभी राहिले. कडब्याच्या आडोशाला, ओलसर भिंतीवर घुबड पतंग बसला होता. पंख पसरून, दोन्ही डोळे दाखवत.

"संगीता, इकडे ये."

तिने पाहिलं. "ह्यो? ह्यो काय, कायम असतोय हितं. पर ह्यो काळा हाय. आत्यांचा पांढरा व्हता."

आता लपवण्यात अर्थ नव्हता. मी तिला फोटोतली ती नखाएवढी जागा दाखवली आणि भिंतीवरच्या पंखावरची रेघ दाखवली. तिचा चेहरा लाल झाला.

"म्हंजी पीठ लागलं म्हणून पाखरू बदललं म्हणता? काय बी सांगता, मॅडम! दावतेच तुमास्नी."

ती तरातरा घरात गेली आणि मुठीत ज्वारीचं पीठ घेऊन आली. माझं म्हणणं खोटं पाडायलाच आणलं होतं तिने ते. भिंतीशी उभी राहून, रांगोळी टाकावी तसं, चिमटीने तिने पतंगावर पीठ सोडलं. सकाळी पतंग गारठलेले असतात, जागचे हलत नाहीत. पीठ पंखांच्या लवेत बसत गेलं. आधी एक डोळा झाकला, मग दुसरा. तिसऱ्या चिमटीला भिंतीवर सायपतंग बसलेला होता. फोटोतला, हुबेहूब. मीसुद्धा क्षणभर फसले असते.

संगीताने पिठाची मूठ खाली घेतली. तिचे डोळे भरले होते. मागे काठीचा आवाज आला म्हणून आम्ही वळलो. आबा गोठ्याच्या तोंडाशी उभे होते. किती वेळ, कोण जाणे.

पतंग थरथरायला लागला. उडण्याआधी ते अशी पंखांची थरथर करून अंग तापवतात. पीठ भुरुभुरु गळायला लागलं. खालून एक डोळा वर आला, मग दुसरा, आणि काळाभोर घुबड पतंग आबांच्या पटक्यावरून उडून उसात गेला.

"हितलंच म्हणायचं की," आबा म्हणाले.

"हो आबा. इथलंच."

"म्हंजी ठकू तितं गेली न्हाय."

"मला पतंगाचं तेवढं सांगता येतं, आबा. हा पतंग इथला आहे. ठकूबाईंचं मला काही सांगता येत नाही."

ते हळूहळू गव्हाणीच्या कडेवर टेकले. एका गाईने त्यांच्या घोंगड्याला तोंड लावलं, तिला त्यांनी हाताने बाजूला केलं. "मला वाटत व्हतं, दोघी येका जागी असतील. बरं वाटत व्हतं." मग म्हणाले, "पोर एकलीच हाय म्हणायची अजून."

मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. संगीताही गाईच्या पाठीवर हात ठेवून रडत होती. खरं बोलल्याचं समाधान वगैरे असतं म्हणतात. मला त्या वेळी ते कुठेही सापडलं नाही.

चहा झाल्यावर मी पिशवी भरायला घेतली. संगीता जवळ आली आणि हळूच म्हणाली, "यादीत आता काय लिवणार?"

"घुबड पतंग. कळंब. पाहणारी संगीता."

"पिठातला का गोठ्यातला?"

"दोन्ही."

तिने मान हलवली. तेवढ्यात बाहेरून आबांनी तिला हाक मारून काहीतरी सांगितलं. ती आत गेली आणि एक पुरचुंडी, पणती, वात आणि तेलाची बारकी बाटली घेऊन आली. पुरचुंडीत ज्वारीचं पीठ होतं.

"बाई," आबा म्हणाले, "तुमी तितनंच जाणार न्हवं? पोरीचा दिवा ऱ्हायलाय. तवा वाडा हलला. माझ्या पायानं आता घाट हुत न्हाय. तुमी लावा."

"लावते, आबा. सकाळी पिठात काय उमटेल ते बघून कळवू का?"

ते दचकल्यासारखे झाले. "नगं, नगं. दिवा लावायचा आन् निघायचं. मागं वळून बघायचं न्हाय. ठकू बघत ऱ्हायली, म्हणून तिचा पाय तितनं कदी निघालाच न्हाय."

फलटण, सातारा, कराड. येताना जे मोठ्या उत्सुकतेने पाहिलं होतं ते परतताना नुसतं खिडकीतून मागे जात राहिलं. पाटणच्या पुढे डोंगर जवळ आले, हवेला ओल आली. घाट उतरताना ऊन कलतं झालं होतं. ओढ्याशी मी घंटी वाजवली तर कंडक्टर म्हणाला, "बाई, इथे कुठे उतरताय? इथे काही नाहीये."

"आहे," मी म्हटलं आणि उतरले.

ओढ्याला चांगलं पाणी होतं. वरच्या अंगाला पायवाट धरून गेले. दोन उंबर सापडेनात. रस्ता रुंद करताना मुरूम काढलेला होता, भराव टाकलेला होता. घटकाभर शोधल्यावर एक उंबर दिसला, जुना, बुंध्यापासून फळांनी लगडलेला. त्याच्या शेजारी दुसऱ्याचा बुडखा होता आणि बुडख्याला नवे फुटवे आले होते. हीच जागा, असं मी ठरवलं. खात्री करायला कुणी नव्हतं, आणि खात्री करून घ्यावी असं वाटलंही नाही.

उंबराच्या मुळांमध्ये एक सपाट दगड होता. तो पदराने पुसून त्यावर पीठ पसरलं. कळंबच्या ज्वारीचं पीठ, थोडं खरबरीत. मधोमध पणती ठेवली आणि वात पेटवली. वर घालायला डालगं नव्हतं. वारा पडला होता, त्यामुळे वात स्थिर राहिली. तिला काय नाव ठेवलं होतं ते आबांना विचारायचं राहून गेलं होतं. मी नुसतं "पोरी" म्हटलं, आणि "आईने लावायचा होता, तो हा दिवा" एवढं म्हटलं.

अंधारून येत होतं. पावसाळा सरताना, पाण्याकाठी, उंबराखाली दिवा, याहून चांगली जागा आणि याहून चांगली वेळ पतंग बघणाऱ्याला मिळत नाही. भिंग गळ्यातच होतं. दिवा लावून तिथून उठून जाणं मला या जन्मात कधी जमलेलं नाही.

मी पायवाटेला लागले. मागे उंबराच्या पानांत पंखांची फडफड झाली, मोठ्या पंखांची, आणि ती दिव्याच्या दिशेने गेली. साय की घुबड, एका नजरेत सांगता आलं असतं. वरून घाटातून चिपळूणच्या गाडीचे दिवे वळण घेत उतरत होते. मी हात वर केला आणि चालत राहिले.